कुदळीने घडवलेलं रूसियों

दक्षिण फ्रान्समधल्या लुबेरों भागात, टेकडीच्या माथ्यावर रूसियों वसलंय. पिवळ्या, केशरी, विटकरी भिंती आणि त्यांवर फिकट निळ्या झडपा. देशातल्या सर्वांत देखण्या गावांमध्ये त्याची गणना होते आणि तो मान त्याला शोभतो. मीही रंगांच्याच ओढीने गेले होते.

गावाला लागूनच गेरूची पायवाट सुरू होते. दोन्ही बाजूंना लालभडक कडे, मध्ये पाइनची हिरवी झाडं. पाहणाऱ्याला वाटतं, ही सगळी वाऱ्यापावसाची करणी. पण या जुन्या खाणी आहेत. माणसांनी आधी डोंगर उतरवला, मग उघड्या पडलेल्या भिंतींवर पावसाने हात फिरवला. हे कळलं आणि माझी फोटो काढायची घाईच संपली.

खरं गाव मला भेटलं ते जवळच्या जुन्या मात्यू कारखान्यात. १९६३ साली तो बंद पडला. आता तिथे रंगांचं काम दाखवतात, शिकवतात. माहिती सांगणाऱ्या बाईंनी खाणीतली मूठभर वाळू काचेच्या बरणीत टाकली, पाणी ओतलं आणि बरणी जोरात हलवली. वाळू झटकन तळाशी बसली, पाणी मात्र पिवळंच राहिलं. तो पिवळेपणा म्हणजे गेरू! खणलेल्या मालाच्या दहा भागांत तो जेमतेम एक-दोन भाग. बाकी सगळी वाळू. अठराव्या शतकाच्या अखेरीस याच गावच्या ज्याँ-एतिएन आस्तिए यांनी तो वेगळा काढण्याचा धंदा उभा केला.

पाटातून माल वाहवत न्यायचा. जड वाळू वाटेत बसते, रंगाचं पाणी हौदात उतरतं. गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी सोडून द्यायचं, पुन्हा हौद भरायचा. असं हिवाळाभर चाले. उन्हाळ्यात गाळ आळला की त्याच्या विटा कापायच्या, वाळवून दळायच्या. लाल हवा असेल तर भट्टीत भाजायचं, कारण आचेवर पिवळा गेरू लाल होतो. शाळेत यलो ऑकरची ट्यूब पिळताना अशा रंगामागे एवढा खटाटोप असेल, हे कुठे ठाऊक होतं? हा गेरू भिंतींच्या गिलाव्यात जाई, रबरात आणि लिनोलियममध्येही.

पुढे कृत्रिम रंग आले, १९२९ ची मंदी आली आणि धंदा खचला.

शेजारच्या गार्गासला ब्रुऊच्या खाणी आहेत. आत बारा महिने गारठा, आणि काही बोगदे १५ मीटर उंच. आधी छताची कमान कुदळीने कोरायची, मग खाली खणत यायचं. भिंतींवर कुदळीचे घाव अजून स्पष्ट दिसतात: एकाच वळणाचे, एकाच अंतरावरचे, ओळीवर ओळ. दिव्याच्या उजेडात इतकं नेमकं काम करणाऱ्या त्या हातांची नावं तिथे मला कुठेच दिसली नाहीत, याची फार रुखरुख लागली.

रूसियोंला कुणी निघालं की मी आवर्जून सांगते, आधी कारखाना बघा, जमलं तर ब्रुऊही, कडे त्यानंतर.