घोड्यांच्या गावात सहा पिस्टन

श्टुटगार्ट हे शहर एका मोठ्या काहिलीच्या बुडाशी वसले आहे. तिथले लोकही शहराच्या मध्यभागाला ‘केसेल’, म्हणजे काहीलच म्हणतात. चहू बाजूंना टेकड्या, टेकड्यांच्या उतारावर द्राक्षांचे मळे, आणि ते मळे तरी किती दूर? रेल्वे स्टेशनातून बाहेर पडून मान वर केली की दिसतील इतके! एखाद्या नाशिककराला इथे आणून सोडले, तर तो पहिल्या दिवशी म्युझियम न बघता बागेत शिरून वेलांची छाटणी तपासू लागेल.

गावाच्या नावाचा मूळ अर्थ मोठा मजेचा आहे. ‘श्टुटगार्ट’ म्हणजे घोड्यांच्या पैदाशीचा मळा. म्हणून शहराच्या चिन्हावर मागच्या पायांवर उभा राहिलेला काळा घोडा आहे, आणि तोच घोडा पोर्शे मोटारीच्या नाकावरही जाऊन बसला आहे. मुंबईच्या माणसाला काळ्या घोड्याचे अप्रूप ते काय? १९६८ साली मुंबई आणि श्टुटगार्ट ही भगिनी-शहरे झाली. ते घोड्याच्या ओळखीने झाले नसेल, पण मला तरी ते नाते पटले.

श्टुटगार्टला येणारे पाहुणे दोन संग्रहालये बघून परततात. उंटरट्युर्कहाइमला मर्सिडीझचे आहे, ते २००६ साली उघडले. झुफनहाउझेनला पोर्शेचे आहे, ते २००९ साली. मीही दोन्हीकडे पाय मोडेपर्यंत हिंडलो. पण आज मला वाचकांना न्यायचे आहे ते नेकार नदीपलीकडच्या कानश्टाटला. हे कानश्टाट एके काळी स्वतंत्र गाव होते. १९०५ साली ते श्टुटगार्टात सामील झाले. जमिनीतून खनिज पाण्याचे झरे उसळतात, म्हाताऱ्या बायका घरून बाटल्या आणून ते भरून नेतात, आणि त्या पाण्याची चव आपल्याकडच्या सोडा-लिंबातून लिंबू काढून घेतल्यासारखी लागते.

अशा गावी मराठीच्या प्राध्यापकाचे काय काम, असे कोणी विचारील. सांगतो. माझा भाचा तिथे इंजिनियर आहे. त्याने आठ-दहा महिन्यांपूर्वी १९७२ सालची पोर्शे ९११ विकत घेतली. विकत घेतली म्हणजे काय, तर सांगाडा, चार चाके, आणि खोक्यांत भरलेले इंजिन! हे पुण्यात ताईच्या कानावर गेले. “पोरगं भंगार घेऊन बसलंय. तू चाललाच आहेस, तर किती पैसे घालवतोय ते नीट बघून ये,” असे तिने मला बजावले. जर्मन भाषेत प्रत्येक गृहस्थाच्या नावामागे ‘हेर’ लावतात. मी मात्र तिथे खरोखरीच हेर म्हणून गेलो होतो.

इंजिन बांधण्याचे काम चालले होते ते कानश्टाटच्या एका गल्लीत. आत शिरलो तो गॅरेज आहे की दवाखाना, ते कळेना. भिंतीवर पान्हे उंचीप्रमाणे टांगलेले, फरशी लख्ख, आणि मधल्या टेबलावर फडक्यावर मांडलेले सुटे भाग. मालक पासष्टीचे, निळा एप्रन, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. भाचा त्यांना अदबीने ‘मायस्टर’ म्हणत होता. मला राहवले नाही. मी भाच्याला म्हटले, “अरे, हा तर आपला मिस्त्री!” आणि ते खरेच आहे. लॅटिन ‘मागिस्तेर’पासून जर्मन ‘मायस्टर’ झाला. त्याच शब्दापासून पोर्तुगीज ‘मेस्त्रे’ झाला आणि तो आपल्याकडे मिस्त्री होऊन आला. इंग्रजांच्या मुखातून आलेला मास्तर हा तिसरा भाऊ. भाच्याने हे भाषांतर करून सांगितल्यावर म्हातारबुवांनी माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. त्या दिवसापासून मी मास्तर, ते मिस्त्री, असा आमचा घरोबा जमला.

आता थोडे त्या इंजिनाविषयी. हे मोटारीच्या मागच्या बाजूला असते. तीन सिलिंडर डावीकडे, तीन उजवीकडे, सगळे आडवे. ते पाण्याने नव्हे, तर पंख्याच्या वाऱ्याने आणि तेलाने थंड होते. प्रत्येक सिलिंडरात एक पिस्टन. पिस्टनला मराठीत आपण ‘दट्ट्या’ म्हणतो. जर्मन लोक ‘कोल्बेन’ म्हणतात. या कोल्बेनचा जुना अर्थ गदा, आणि मक्याच्या कणसालाही तोच शब्द. मी एक पिस्टन हातात घेऊन पाहिला. ना गदा, ना कणीस. पितळी वाटी उपडी घालावी तसा दिसणारा अॅल्युमिनियमचा एक ठोकळा. एवढ्याशा वस्तूत कसले आले निवडायचे?

“मामा, हिशोब करू या,” भाचा म्हणाला. “इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेतंय असं धरा. म्हणजे सेकंदाला शंभर. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर जातो, एकदा खाली. म्हणजे सेकंदाला तो दोनशे वेळा पूर्ण थांबतो आणि उलटा पळतो. अर्ध्या किलोचा पिस्टन धरला, तर त्या वळणावर तो कनेक्टिंग रॉडला नऊशे किलोंच्या जोराने ओढतो.”

नऊशे किलो म्हणजे दोन दांडग्या म्हशी! अर्धा किलोच्या वाटीला दोन म्हशींचे बळ येते, आणि ते सगळे ज्यांच्यावर पेलायचे ते कनेक्टिंग रॉडचे बोल्ट करंगळीएवढेही जाड नसतात. मिस्त्रींच्या फळीवर एक मोडलेला रॉड ठेवलेला होता. कुठल्याशा गाडीत भर वेगात त्याचा बोल्ट तुटला, आणि रॉडने इंजिनाची भिंत फोडून बाहेर उडी घेतली. हे बोल्ट आवळताना किंचित ताणले जातात आणि त्या ताणावरच धरून राहतात. म्हणून एकदा काढलेला बोल्ट पुन्हा घालायचा नाही, मग तो दिसायला कितीही नवा असो.

आता खरा तंटा. भाच्याची गाडी ९११ टी. २.४ लिटरच्या तीन भावंडांतली ही सर्वांत सौम्य. पिस्टनचा व्यास ८४ मिलिमीटर, दाब साडेसातास एक, ताकद १३० अश्वशक्ती. साधे पेट्रोल घातले तरी निमूट चालावी म्हणून मुद्दाम तशी केलेली. पण भाच्याच्या डोळ्यांसमोर नाचत होती ती तिची कुळातली प्रसिद्ध बहीण, १९७३ची कॅरेरा आर. एस. तिचे पिस्टन ९० मिलिमीटरचे, इंजिन २.७ लिटरचे, अश्वशक्ती २१०! नव्वदचे पिस्टन आणि सिलिंडर घातले की आपलीही तशीच होईल, असा त्याचा बेत. शिवाय पिस्टन साधे ओतीव नकोत, ठोकून घडवलेले हवेत. दाबही साडेदहापर्यंत न्यावा.

मिस्त्रींनी सगळे ऐकून घेतले आणि एकेक भाग त्याच्यापुढे ठेवायला सुरुवात केली.

पहिल्यांदा धातू. कानश्टाट हे पिस्टनांचे माहेर. माले बंधूंचा कारखाना १९२० साली इथेच सुरू झाला, आणि लोखंडी पिस्टनांच्या जागी हलक्या धातूचे पिस्टन आणणाऱ्यांत तो अग्रभागी होता. (या भावांनी १९६४ साली जवळजवळ सगळी मालकी एका धर्मादाय संस्थेला देऊन टाकली. कारखानदारांत असेही असतात.) अॅल्युमिनियम हलके आणि उष्णता झटपट वाहून नेणारे, खोड एकच, की तापले म्हणजे लोखंडाच्या दुपटीने फुगते. त्याला आवर घालायला सिलिकॉन मिसळतात. बारा टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असले की पिस्टन कमी फुगतो, सिलिंडरात नेटका बसतो, पण धातू काहीसा ठिसूळ होतो. शर्यतीच्या पिस्टनांसाठी जवळजवळ बिनसिलिकॉनचा एक मिश्रधातू आहे. काँकर्ड विमानाचे अंग त्याच जातीच्या धातूचे होते. तो चिवट, फुटण्याआधी वाकेल. पण तो फार फुगतो, म्हणून त्याला सिलिंडरात जास्त प्ले ठेवावा लागतो. गार इंजिनात असा पिस्टन खडखड करतो आणि लवकर झिजतो. “शर्यतीनंतर इंजिन खोलणाऱ्याला तो ठीक,” मिस्त्री म्हणाले. “तुम्ही रोज सकाळी मुलीला शाळेत सोडणार ना?”

मग सिलिंडर. आर. एस.च्या वेळी नव्वदचे भोक पाडल्यावर आत लोखंडी अस्तराला जागाच उरली नाही. म्हणून अॅल्युमिनियमवरच निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर चढवला. त्याला ‘निकासिल’ म्हणतात. उत्तम वस्तू, परंतु ही मोठी सिलिंडरे बसवायला इंजिनाच्या पेटीची भोके कापून रुंद करावी लागतात. आणि पेटी कशाची? मिस्त्रींनी ती माझ्या हातात दिली. एवढे मोठे धूड, पण वाटले होते त्याहून फार हलके. मॅग्नेशियम! अॅल्युमिनियमपेक्षाही एक तृतीयांशाने हलके, आणि तेवढेच नाजूक. सिलिंडर आवळून धरणारे लांब बोल्ट पोलादाचे. इंजिन तापले की सिलिंडर जास्त वाढते, बोल्ट कमी. त्या ओढाताणीत मॅग्नेशियममधले आटे उपटून येतात. या पेटीतले काही आटे आधीच गेले होते. तिलाच कापून आणखी पातळ करायचे आणि वर ऐंशी घोड्यांचा बोजा लादायचा?

शेवटी दाब. उंच माथ्याच्या पिस्टनाने दाब वाढतो, पण त्या माथ्यामुळे ज्वाला पसरायला वेळ लागतो. मग दर सिलिंडरला दोन स्पार्क प्लग लावावे लागतात, पेट्रोल भारी लागते. नाहीतर ते अवेळी भडकते आणि पिस्टनच फोडते. एक महाग वस्तू घेतली, की ती आपल्यामागे आणखी चार वस्तूंना निमंत्रण देते. मुलीच्या लग्नात साडी भारी घेतली की शालू, दागिने आणि कार्यालयही भारी लागते, तसेच हे.

भाचा घुम्यासारखा बसून राहिला. वर्षभराचे स्वप्न होते त्याचे. त्याने ऐकीव माहितीवर नव्हे, तर आकडे मांडून हा बेत केला होता. कागदावर २१० येत होते आणि ते खोटेही नव्हते. मिस्त्रींनी आणखी काही न बोलता तो मोडका रॉड फळीवरून काढून त्याच्यापुढे ठेवला आणि चहा करायला आत गेले.

त्या रविवारी आम्ही सगळे कानश्टाटच्या कूरपार्कमध्ये फिरायला गेलो. तिथे गोटलीब डाइमलरची बागेतली कार्यशाळा जपून ठेवली आहे. १८८२ साली त्याने इथे घर घेतले आणि बागेतल्या काचघरात विल्हेल्म मायबाखला हाताशी धरून तो दार बंद करून काम करू लागला. रात्रंदिवस ठोकाठोक ऐकून माळ्याला वाटले, हे खोटी नाणी पाडतात! पोलिसांनी झडती घेतली तर आत फक्त यंत्रे निघाली, असे सांगतात. १८८५ साली त्यांनी एक इंजिन लाकडी दुचाकीवर बसवले. ताकद किती? अर्धा घोडा, मिनिटाला सहाशे फेरे! पण लाकडाच्या त्या सांगाड्याला झेपेल एवढेच ते होते, म्हणून ते धावले. भाचा बराच वेळ त्या प्रतिकृतीपुढे उभा होता. परतताना नेकारच्या पुलावर तो एवढेच म्हणाला, “मामा, मागच्या सीटवर कार्टी बसणार आहे.”

सोमवारी यादी झाली. व्यास ८४च ठेवायचा. पिस्टन मधल्या भावंडाचे, म्हणजे ९११ ई.चे, दाब आठास एक, ताकद जवळपास १६५. कॅमशाफ्टही त्याच जातीचा. रॉडचे बोल्ट नवे, बेअरिंगे नवी, पेटीत पोलादी आटे बसवायचे, आणि साखळी ताणून धरणारे जुने तकलादू टेन्शनर काढून १९८४च्या इंजिनातले, तेलाच्या दाबावर चालणारे घालायचे.

माझ्या मुक्कामाच्या अखेरच्या आठवड्यात पिस्टन आले. सहांचीही वजने काट्यावर केली. सोनाराची दुकानेही इतकी शांत नसतात. रिंगांच्या टोकांमध्ये मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाची फट राहावी म्हणून कानशीने दोन घास घ्यायचे, मोजायचे, पुन्हा दोन घास. ती फट नसेल तर तापलेली रिंग टोकाला टोक भिडून अडकते. मग मिस्त्रींनी नातीकडे तिच्या खेळण्यातली रंगीत माती मागितली. तिचा गोळा पिस्टनच्या माथ्यावर थापला, इंजिन हाताने फिरवले, पुन्हा उघडले. मातीत व्हॉल्व्हचा ठसा उमटला होता. सुरीने कापून त्यांनी उरलेली जाडी मोजली: दोन मिलिमीटरच्या वर. पिस्टन आणि व्हॉल्व्ह सेकंदाला कितीतरी वेळा एकमेकांच्या इतक्या जवळ येणार आणि स्पर्श न करता परतणार. त्या टेबलावर मी तीन आठवडे धातू पाहत होतो. मिस्त्री मात्र सारा वेळ मधली रिकामी जागा मोजत होते.

पुण्याला परतल्यावर ताईपुढे माझी हेरगिरी सादर केली. मॅग्नेशियमची पेटी, दोन म्हशी, निकासिल, काँकर्ड, सगळे सांगितले. तिने भाजी निवडत शांतपणे ऐकले आणि विचारले, “हे सगळं पळायचं झालं. थांबायचं काय? ब्रेक नवे घातले का?”

मी खिशातून यादीची नक्कल काढून तिच्यापुढे धरली. मिस्त्रींच्या गोल अक्षरात पहिल्याच ओळीवर, इंजिनाच्याही आधी, ब्रेक होते. जर्मन अक्षर तिला वाचता येईना, पण मी अर्थ सांगितल्यावर ती म्हणाली, “माणूस शहाणा दिसतो. पुढच्या वेळी जाशील तेव्हा त्यांना भाजणीचं पीठ घेऊन जा.”