मे महिन्याची सुट्टी आणि आंबोलीचा सडा



आम्हा बायकांची मे महिन्याची सुट्टी लग्नं, माहेर आणि कुरडया-पापड यांतच संपते. यंदा मात्र मी दोन रात्री डोक्याला बॅटरी बांधून आंबोलीच्या सड्यावर बेडूक आणि साप शोधत फिरले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पण त्यामागं एक कारण होतं.

सप्टेंबरात माझ्या तिसरीच्या वर्गात फळ्यामागून एक साप निघाला. तपकिरी अंग, त्यावर पांढुरके पट्टे. मी "मण्यार!" म्हणून ओरडले आणि मुलांना बाहेर काढलं. शेजारच्या शेतातला गडी काठी घेऊन आला, दोन मिनिटांत काम झालं. मुलं भोवती गोळा झाली. एका मुलीनं विचारलं, "बाई, मण्यारच कशावरून?" मी म्हटलं, "पट्टे आहेत की." ती गप्प बसली. मी मात्र फोटो काढून सावंतवाडीच्या मावसभावाला पाठवला. तो घरात शिरलेले साप पकडून रानात सोडतो. त्याचं उत्तर आलं, एकच शब्द: "कवड्या."

कवड्या बिनविषारी. पालींच्या मागावर घरात येतो, भिंतीवर सरसर चढतो. त्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडं पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं: मानेजवळ पट्टे नसतात किंवा अगदी पुसट, शेपटीकडं स्पष्ट, बऱ्याचदा जोडीजोडीनं. एवढं साधं निरीक्षण. आणि डी.एड.ला असताना 'निरीक्षण' या शब्दावर मी पानंच्या पानं लिहिली होती!

माझी भीती खोटी होती असं मात्र नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखतही नाही फारसं. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या उघडत नाहीत, असं सुरू होतं, आणि घरचे देवऋषाकडं धावतात. तेव्हा गाडी सरकारी दवाखान्याकडंच वळवायची असते. आमच्या वर्गातली निम्मी मुलं जमिनीवरच झोपतात.

दादा म्हणाला, "मेच्या शेवटाला ये, वळीव पडला की." मी आणि माझा आठ वर्षांचा मुलगा गेलो. दादाचे नियम कडक. पायात घोट्याच्या वर बूट. दगडाखाली हात घालायचा नाही. उलटलेला दगड होता तसा ठेवायचा. डासांचं मलम लावलेल्या हातानं बेडकाला शिवायचं नाही, कारण तो कातडीनंही श्वास घेतो, मलम थेट अंगात जातं.

पहिली रात्र कोरडीच. काडीच्या टोकाला झोपलेला एक फिकट पडलेला सरडा, बस्स. मुलगा कंटाळून रडायच्या बेतात. दुसऱ्या दिवशी दुपारी ढग दाटले आणि तासभर झोडपून पाऊस पडला. रात्री सड्यावर पाय ठेवला तर सगळीकडून आवाज! जांभ्याच्या खळग्यांत बोटभर पाणी साचलं होतं आणि कडेला ते छोटे भेक बसले होते, कुशीवर वाघासारखे पिवळसर पट्टे. आंबोली टोड. 2009 साली शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं आणि त्याच्या शास्त्रीय नावातही वाघ आहे. जगात तो एवढ्याशाच भागात आढळतो, नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे. पहिल्या पावसाच्या उथळ पाण्यात अंडी घालतो. पाऊस मागं सरला तर खळगा आटतो आणि पिल्लांचा खेळ संपतो. मुलगा पोटावर पालथा पडून अर्धा तास बघत होता, एक शब्द बोलला नाही. (शाळेत दोन मिनिटं गप्प बसत नाही, तुम्हाला माहीतच आहेत ही पोरं.)

परतताना त्यानं आधारासाठी एका झुडपाकडं हात नेला. दादानं त्याचं मनगट पकडलं. फांदीवर मलबारी चापडा होता, पानांच्या रंगाचा, अजिबात न हलणारा. विषारी. माझे पाय लटपटले. दादा म्हणाला, "अगं, तो कधीचा तिथंच बसलाय. आपणच त्याच्याकडं गेलो." आम्ही दोन पावलं मागं सरकलो, चापडा तसाच बसून राहिला. घाटरस्त्यावर मात्र गाड्यांखाली चिरडलेले सात बेडूक मुलानं मोजले. आठव्याला मीच त्याचा हात धरून ओढत नेलं.

जूनमध्ये शाळा भरली. ती मुलगी आता चौथीत. मी फळ्यावर दोन साप काढले, पट्ट्यांसकट, नावं न लिहिता, आणि तिला विचारलं, आपल्या वर्गात आला होता तो यातला कुठला? ती बराच वेळ बघत राहिली. मग कवड्यावर बोट ठेवलं.

"मग बाई, आपण त्याला उगाच मारला?"

"हो," मी म्हटलं. "मला ओळखता आला नाही."

ती जागेवर जाऊन बसली आणि वहीत दोन्ही साप काढायला लागली.