गोंगाटापलीकडचे गीत

बालाघाटच्या डोंगरांवर सांज उतरली होती. अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यात आजोबा जुन्या रेडिओचा काटा सरकवीत बसले होते. ज्या लघुलहरींवर तरुणपणी त्यांनी देशोदेशीचे आवाज ऐकले, तेथे आता नुसती खरखर उरली होती. आवाज वाढवला, तर खरखरही वाढे. “माझे कानच गेले रे!” ते खिन्नपणे म्हणाले.

नातवाने विजेचे दिवे आणि मोबाइलचा चार्जर बंद केला. खरखर थोडी ओसरली. मग त्याने इंटरनेटवर नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ उघडला. २००८ साली सुरू झालेल्या या रेडिओवर शेकडो श्रोते एकाच वेळी निरनिराळी केंद्रे ऐकू शकतात. कारण लहरी निवडण्याचे काम तेथे संगणक करतो. पडद्यावर प्रत्येक केंद्र उजळ रेषेसारखे दिसत होते. आजोबांच्या केंद्राला खेटूनच दुसरी रेषा होती. नातवाने ऐकण्याचा पट्टा अरुंद केला आणि त्या रेषेपासून दूर सरकवला. शीळ विरली, एक स्वच्छ गीत घरात उमटले.

आजोबांचे डोळे पाणावले. कान शाबूत होते. भोवतीचा गोंगाट तेवढा वाढला होता. दूरचे ऐकावयाचे, तर जवळचा कोलाहल आधी निवळावा लागतो.