कोऱ्या रकान्याचे राजकारण

लष्करी अभिलेख कार्यालयात ज्याची हयात गेली, त्याच्याकडे लोक येतात ते बहुधा निवृत्तिवेतनाच्या अडलेल्या प्रकरणासाठी; परंतु निवडणुकीचा हंगाम जवळ आला की निराळ्या जातीचे जिज्ञासूही येऊ लागतात, आणि अमुक एक पुढारी व्यासपीठावरून सांगतो तसा खरोखरच आघाडीवर होता काय, हे त्याच्या सेवापत्रकावरून ठरविता येईल का, असा प्रश्न मोठ्या भाबडेपणाने टाकतात. माझे उत्तर नेहमीच त्यांची निराशा करणारे असते. सेवापत्रक लिहिणारा कारकून कोणत्या प्रश्नांची उत्तरे लिहीत असतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. मनुष्य रुजू कोणत्या तारखेस झाला, कोणत्या दराने वेतनास पात्र ठरला, रजेवर किती दिवस होता, त्याच्या पश्चात कुटुंबास काय द्यावयाचे, हे त्याचे प्रश्न. आमच्याकडे शिपायाचे लग्न, अपत्यजन्म, बदली, शिक्षा अशी प्रत्येक घटना ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये प्रसिद्ध व्हावी लागते, आणि तेथे ती आल्यावाचून शीट रोलवर, म्हणजे शिपायाच्या सेवापत्रकावर, चढत नाही. मोगलांच्या लष्करात स्वाराचा चेहरा लिहून घेत आणि घोड्याला दाग देत, तेदेखील कोणाच्या पराक्रमाची स्मृती राहावी म्हणून नव्हे. उसनी घोडी आणि भाडोत्री स्वार उभे करून एखाद्या मनसबदाराने सरकारी खजिना लुबाडू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता.

म्हणून दफ्तर वाचणाऱ्याने पहिला नियम असा पाळावयाचा की, कोऱ्या रकान्याचा पहिला अर्थ ‘नोंद झाली नाही’ एवढाच घ्यावा. ‘घडले नाही’ हा अर्थ घेण्यास स्वतंत्र पुरावा हवा. कागद नाहीसे होण्यास कोणाचे कारस्थानच लागते असे नाही. अमेरिकेत सेंट लुईसजवळ १२ जुलै १९७३ रोजी राष्ट्रीय सेवाभिलेख केंद्राच्या सहाव्या मजल्यास लागलेल्या आगीत सोळा ते अठरा दशलक्ष सैनिकांच्या फायली भस्मसात झाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून सुटलेल्यांपैकी शेकडा ऐंशींचे कागद त्यात गेले. त्यानंतर तेथील अभिलेखपालांनी ज्यांची सेवा पुन्हा उभी केली, ती मुख्यतः शेवटच्या पगाराची बिले आणि तुकड्यांचे रोजचे सकाळचे अहवाल चाळून. पगाराचा कागद सहसा खोटे बोलत नाही, कारण तो लिहिताना कोणाला मोठे करावयाचे नसते.

या दृष्टीने पाहता २००४ सालची अमेरिकी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक माझ्या व्यवसायातील माणसाला एखाद्या पाठ्यपुस्तकासारखी वाटते. पस्तीस वर्षांपूर्वीच्या दोन तरुण अधिकाऱ्यांच्या फायली एका महासत्तेने महिनोन्‌महिने उलगडून पाहिल्या आणि दोन्ही फायलींना नेमके तेच प्रश्न विचारले, ज्यांची उत्तरे फायलीत राहूच शकत नाहीत.

पहिली फाइल तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉकर बुश यांची. हे गृहस्थ २७ मे १९६८ रोजी टेक्सास एअर नॅशनल गार्ड या राखीव हवाई दलात दाखल झाले. तो काळ व्हिएतनाम युद्धाच्या ऐन भराचा. सक्तीची सैन्यभरती चालू होती, परंतु राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी राखीव दले मोठ्या प्रमाणावर रणांगणावर न धाडण्याचे धोरण ठेवल्यामुळे गार्डमध्ये जागा मिळणे म्हणजे गणवेशाचा मान राखून रणापासून दूर राहणे होते, आणि त्यासाठी उमेदवारांची रीघ लागलेली असे. बुश यांचे वडील तेव्हा ह्यूस्टनचे काँग्रेस सदस्य होते. टेक्सास विधिमंडळाचे तत्कालीन सभापती बेन बार्न्स यांनी पुढे सांगितले की, ह्यूस्टनमधील एका धनिकाच्या विनंतीवरून बुश यांच्यासाठी आपण शब्द टाकला होता. बुश कुटुंबाने असे काही मागितल्याचे नाकारले. येथे दफ्तरास काय विचारावे? वशिला तोंडी असतो. त्याला आवक क्रमांक नसतो आणि जावक क्रमांकही नसतो. बारनिशीत त्याची नोंद शोधणे म्हणजे वाऱ्याची मोट बांधणे होय.

पहिली चार वर्षे मात्र निर्विवाद आहेत. जॉर्जियातील मूडी तळावर वैमानिकी शिक्षण, त्यानंतर ह्यूस्टनच्या एलिंग्टन तळावर एफ-१०२ या एकासनी लढाऊ विमानाचे उड्डाण, वरिष्ठांचे प्रशंसापर शेरे: सारे यथास्थित आहे, आणि ते विमान उडविणे हे काही आरामखुर्चीत बसण्याचे काम नव्हते, हे त्यांच्या टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे. प्रश्न सुरू होतो एप्रिल १९७२ नंतर. त्या महिन्यात त्यांनी शेवटचे उड्डाण केले, आणि पुढे ते विंटन ब्लाउंट यांच्या सिनेटच्या प्रचारासाठी अलाबामात गेले. तेथे मॉन्टगोमेरीच्या डॅनेली तळावरील तुकडीत कवाईत करण्याची परवानगी त्यांना मिळाली. परंतु वार्षिक वैद्यकीय तपासणी न केल्याच्या कारणावरून १ ऑगस्ट १९७२ पासून त्यांचे उड्डाण स्थगित झाले. त्या स्थगितीचा २९ सप्टेंबर १९७२ चा आदेश अस्सल आहे, आणि त्यात कारण स्वच्छ शब्दांत लिहिलेले आहे. पुढे त्यांच्या बाजूने असा खुलासा करण्यात आला की, त्यांचे घरचे डॉक्टर ह्यूस्टनमध्ये होते. लष्करी कार्यालयात काम केलेला कोणताही कारकून हे वाचून मिशीत हसेल. वैमानिकाची तपासणी हवाई दलाच्या वैद्याखेरीज कोणाची चालत नाही.

मे १९७२ ते एप्रिल १९७३ या वर्षाचा त्यांचा वार्षिक अहवाल भरताना एलिंग्टनच्या वरिष्ठांनी एवढेच लिहिले की, या मुदतीत हे अधिकारी या तुकडीत आमच्या पाहण्यात आले नाहीत. अलाबामाच्या तुकडीप्रमुखालाही ते आठवत नव्हते. फेब्रुवारी २००४ मध्ये व्हाइट हाउसने वेतनाची पत्रके खुली केली आणि त्यांच्या सोबत एक विलक्षण कागद पुढे आला: डॅनेली तळावर ६ जानेवारी १९७३ रोजी झालेल्या बुश यांच्या दातांच्या तपासणीचा. एका महासत्तेचे पत्रकार आपल्या राष्ट्राध्यक्षाच्या दाढांची एकतीस वर्षांपूर्वीची नोंद भिंगाखाली धरून बसले आहेत, हे दृश्य कोणा प्रहसनकाराला सुचले नसते. तथापि पुरावा म्हणून तो कागद चांगला होता, कारण दंतवैद्याला निवडणुकीशी कर्तव्य नव्हते. गार्डमध्ये वर्षाला किमान पन्नास गुण मिळाले की सेवेचे वर्ष निवृत्तिवेतनाच्या हिशेबी धरले जाते, आणि त्यांतले पंधरा केवळ नाव पटावर असल्याबद्दल मिळतात. बुश यांनी ती मर्यादा थोडक्यात ओलांडली. जुलै २००४ मध्ये पेंटॅगॉनने आधी सांगितले की १९७२ च्या तिसऱ्या तिमाहीच्या वेतनाच्या सूक्ष्मपट्ट्या दुरुस्तीच्या कामात नष्ट झाल्या, आणि दोन आठवड्यांच्या आत सांगितले की त्या सापडल्या. संशयी लोकांनी यातून बरेच काही काढले. मी स्वतः दफ्तरातून ‘नाहीत’ म्हणून सांगितलेले रुमाल दुसऱ्याच फडताळात इतक्या वेळा सापडलेले पाहिले आहेत की मला त्यात नवल वाटले नाही. सापडलेल्या पट्ट्यांत त्या तिमाहीत त्यांना वेतन मिळाल्याची नोंद नव्हती.

या सर्वांवरून माझा निष्कर्ष असा की, ‘पळपुटा’ हा जो शब्द त्यांच्या विरोधकांनी त्या वर्षी वापरला तो कागदांवर टिकत नाही. शेवटच्या दोन वर्षांत कसेबसे हजेरी भरणारा आणि वरिष्ठांनी ज्याच्याकडे काणाडोळा केला असा अधिकारी मात्र कागदांत स्पष्ट दिसतो. ऑक्टोबर १९७३ मध्ये त्यांना सन्मानपूर्वक मुक्तता मिळाली, आणि ते हार्वर्डला व्यवस्थापनाच्या अभ्यासासाठी गेले. ज्याने १ मे २००३ रोजी वैमानिकाच्या पोशाखात विमानवाहू नौकेवर उतरून इराकच्या मोहिमेचा विजयसोहळा साजरा केला, त्याच्या बाबतीत एवढा निष्कर्षसुद्धा राजकीयदृष्ट्या पुरेसा बोचरा होता.

परंतु तो कोणाला पुरला नाही. ८ सप्टेंबर २००४ रोजी सीबीएस या दूरचित्रवाणी संस्थेने, एलिंग्टन येथील बुश यांचे वरिष्ठ लेफ्टनंट कर्नल जेरी किलियन यांनी १९७२–७३ मध्ये लिहिलेली म्हणून काही टिपणे जगासमोर ठेवली. त्यांत सारे काही होते: तपासणीस हजर राहण्याचा हुकूम, वरून येणारा दबाव, अहवाल गोड करण्याचा आग्रह, एका टिपणास तर ‘आपली बाजू सांभाळावी’ अशा अर्थाचा सांकेतिक मथळाच दिलेला होता. किलियन १९८४ मध्येच निवर्तले होते. टिपणांच्या मूळ प्रती नव्हत्या, झेरॉक्सच्या प्रती होत्या, म्हणजे शाई आणि कागद तपासण्याचा मार्ग आरंभीच बंद. काही तासांतच लोकांनी दाखवून दिले की अक्षरांमधील कमीजास्त अंतर आणि अंकाच्या खांद्यावर बसलेली बारीक अक्षरे ही त्या काळच्या कचेरीतील सामान्य टंकयंत्रापेक्षा आधुनिक संगणकाच्या मजकुराशी अधिक जुळतात. किलियन यांच्या कचेरीतील वृद्ध टंकलेखिकेने तर अशी साक्ष दिली की, ही टिपणे मी टंकित केलेली नाहीत, मात्र त्यांतला आशय त्यांच्या मनात होता तसाच आहे. २० सप्टेंबरला संस्थेने आपण या कागदांची अस्सलता सिद्ध करू शकत नसल्याचे कबूल केले. जानेवारी २००५ मध्ये थॉर्नबर्ग आणि बोकार्डी यांच्या चौकशी समितीचा अहवाल आला, चौघांना जावे लागले, आणि हे वृत्त सादर करणाऱ्या डॅन रॅदर यांच्यासारख्या ज्येष्ठ निवेदकाने मार्चमध्ये संध्याकाळच्या बातम्यांचे आसन सोडले.

दफ्तरदाराच्या नजरेला त्या टिपणांत सर्वांत आधी खटकावयास हवी होती ती टंकाची वळणे नव्हेत. तो त्यांचा बोलकेपणा. खरी फाइल घुमी असते. २९ सप्टेंबर १९७२ चा आदेश खरा होता, ‘पाहण्यात आले नाहीत’ हा शेरा खरा होता, वेतनाचा रिकामा तिमाही रकाना खरा होता. हे तिन्ही कागद निमूटपणे एकत्र ठेवले असते तर त्यांना उत्तर देणे जड गेले असते. पण हे कागद दोषारोप करीत नव्हते, आणि दोषारोप करणारा कागद हवाच होता. तो पुढे आला आणि कोसळला, तेव्हा त्याच्याखाली खरे कागदही गाडले गेले. निवडणुकीपर्यंत त्यांच्याविषयी विचारण्याची कोणाची छाती झाली नाही.

दुसरी फाइल बुश यांचे प्रतिस्पर्धी जॉन केरी यांची, आणि तिच्यात कोरे रकाने नव्हते. मेकाँगच्या मुखप्रदेशातील जलद गस्तीनौकांचे नेतृत्व, २८ फेब्रुवारी १९६९ च्या चकमकीबद्दल सिल्व्हर स्टार, १३ मार्चच्या प्रसंगाबद्दल ब्राँझ स्टार, तीन जखमांबद्दल तीन पर्पल हार्ट. जुलै २००४ मध्ये बॉस्टनच्या पक्षाधिवेशनात त्यांनी सलाम ठोकून आपण कर्तव्यावर हजर असल्याचे सांगितले, आणि पुढच्याच आठवड्यात जुन्या नौकासैनिकांच्या एका गटाने जाहिराती काढून ती पदके लबाडीची ठरविली. १३ मार्चला नदीतून ओढून केरी यांनी ज्यांचा जीव वाचविला ते जिम रासमन जिवंत होते आणि बोलतही होते. शत्रूचा गोळीबार झालाच नाही असे म्हणणाऱ्या एका सहकाऱ्याला त्याच दिवसाबद्दल मिळालेल्या स्वतःच्या पदकाच्या प्रशस्तिपत्रात गोळीबाराचा उल्लेख निघाला. कागद केरींच्या बाजूने होते. तरी घाव बसला, कारण तो १९७१ मध्ये सिनेट समितीपुढे युद्धाविरुद्ध त्यांनी दिलेल्या साक्षीचा सूड होता, आणि प्रशस्तिपत्रातून सुडाचे खंडन होत नाही. आपली संपूर्ण फाइल खुली करण्याच्या संमतिपत्रावर केरींनी सही केली ती मे २००५ मध्ये, निवडणूक हरल्यानंतर. तीत त्यांना बाधेल असे काहीच निघाले नाही. हा उशीर कोणत्या सल्लागाराच्या बुद्धीचा होता कोण जाणे.

पदकाच्या कागदावर मात्र सरसकट विश्वास ठेवावा असेही नाही. खुद्द लिंडन जॉन्सन काँग्रेस सदस्य असताना नौदलाच्या राखीव दलाचे अधिकारी म्हणून ९ जून १९४२ रोजी पोर्ट मोर्स्बीहून लाए येथील जपानी तळावर निघालेल्या एका बॉम्बफेकी विमानात निरीक्षक म्हणून बसले. विमान यंत्रबिघाडामुळे लक्ष्याआधीच परतले की जपानी विमानांनी त्याला गाठले, यावर त्यात बसलेल्यांच्याच हकिगती जुळत नाहीत. जनरल मॅकार्थर यांच्या मुख्यालयाने त्यांना सिल्व्हर स्टार दिला. विमान चालविणाऱ्यांना काही मिळाले नाही. मॅकार्थर यांना वॉशिंग्टनमध्ये बोलणारा माणूस हवा होता, आणि जॉन्सन यांना कोटाच्या कॉलरवर लावण्याची पिन हवी होती. ती त्यांनी जन्मभर मिरविली. यातला खरा थरार प्रशस्तिपत्रात नाही: ते आधी ज्या विमानात बसले होते, त्यातून उतरून थोड्या वेळाने परतताच त्यांची जागा दुसऱ्या अधिकाऱ्याने घेतलेली दिसली, आणि ते विमान त्यातील सर्व माणसांसह गेले.

इतका खल करूनही मतदार सैनिकी सेवेला किती किंमत देतो, हे पाहिले की गंमत वाटते. १९९२ मध्ये दुसऱ्या महायुद्धातील वैमानिक थोरले बुश, १९९६ मध्ये इटलीत जबर जखमी झालेले बॉब डोल, २००० मध्ये व्हिएतनामला जाऊन आलेले अल गोर, २००४ मध्ये केरी, २००८ मध्ये हनोईच्या तुरुंगात पाच वर्षांहून अधिक काळ काढलेले जॉन मॅकेन: पाचही वेळा ज्याची सेवा अधिक खडतर तोच उमेदवार हरला.

आपल्याकडे उमेदवाराच्या शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण असे रकाने सर्वोच्च न्यायालयाच्या २००२–०३ च्या निकालांनंतर आले. सैनिकी सेवेचा रकाना त्यात नाही, आणि सक्तीची भरती नसलेल्या देशात तो नसणे ठीकच आहे. जो एक लष्करी कागद आपल्या राजकारणात गाजला तो जन्मतारखेचा होता. तत्कालीन सेनाप्रमुख जनरल विजयकुमार सिंह यांची जन्मतारीख शालान्त प्रमाणपत्रावरून १० मे १९५१, आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी शाळकरी वयात भरलेल्या अर्जावरून १० मे १९५०. अभिलेखांचे अधिकृत जतन ज्या ॲडज्युटंट जनरल शाखेकडे, तिच्या दफ्तरी एक्कावन्न. बढत्यांच्या फायली हाताळणाऱ्या मिलिटरी सेक्रेटरी शाखेत पन्नास. दोन्ही तारखा कित्येक दशके आपापल्या फडताळात सुखाने नांदल्या, आणि सेनाप्रमुख निवृत्त कधी व्हावयाचा हा प्रश्न आला तेव्हाच एकमेकींवर आदळल्या. १० फेब्रुवारी २०१२ रोजी त्यांनी सर्वोच्च न्यायालयातील याचिका मागे घेतली आणि ३१ मे रोजी ते निवृत्त झाले. अभिलेख शाखेची तारीख हरली, बढतीच्या शाखेची टिकली. दोन वर्षांनी ते गाझियाबादमधून साडेपाच लाखांहून अधिक मताधिक्याने लोकसभेत गेले आणि केंद्रात राज्यमंत्री झाले. आमच्या पेशातल्या लोकांमध्ये अजूनही त्या प्रकरणाचा विषय निघतो, तो मात्र त्या मताधिक्यासाठी नव्हे. दोन शाखांचे रकाने इतकी वर्षे कोणी ताडूनच पाहिले नाहीत, ते काम कोणाचे होते, यावर वाद होतो, आणि जेवण थंड होईपर्यंत चालतो.