हातमोज्यांच्या आतले हात

शस्त्रक्रियेची उपकरणे वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येतात, शल्यचिकित्सकाचे हात मात्र जिवंत त्वचेचे असल्यामुळे तसे करता येत नाहीत. त्यांच्यावरील जंतूंची संख्या शक्य तितकी खाली आणून ती काही तास खालीच ठेवणे, एवढेच साधता येते. बाहेरून येऊन वरवर चिकटलेले अस्थायी जंतू साध्या साबणपाण्याने बरेचसे निघतात. परंतु त्वचेच्या थरांत आणि केसांच्या मुळांशी वस्तीला असलेले स्थायी जंतू हातमोज्यांच्या उबेत आणि घामात पुन्हा वाढतात, आणि सुईने किंवा हाडाच्या टोकाने मोज्याला छिद्र पडले, जे अनेकदा कोणाच्या लक्षातही येत नाही, की त्यांना जखमेचा रस्ता मोकळा होतो.

या कामासाठी मुख्यतः तीन द्रव्ये वापरली जातात. पोव्हिडोन-आयोडीनचा मारा व्यापक असला तरी त्याचा प्रभाव लवकर ओसरतो, तर क्लोरहेक्सिडीन त्वचेला धरून राहत असल्यामुळे मोज्यांखालीही काम करीत राहते. अल्कोहोलयुक्त द्रव सर्वांत जलद असतो, मात्र बीजाणू, म्हणजे काही जंतूंची कवचबद्ध अवस्था, त्याला दाद देत नाहीत. बोटांवर उरलेल्या जंतूंची मोजणी केल्यास क्लोरहेक्सिडीन आयोडीनपेक्षा सरस ठरते. परंतु रुग्णाला जंतूंच्या संख्येशी नव्हे, जखम चिघळते की नाही याच्याशी कर्तव्य असते, आणि या दोन मोजमापांची गल्लत विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत सर्रास आढळते.

फ्रान्समधील रुग्णालयांच्या सहा शस्त्रक्रिया विभागांत 4,387 रुग्णांवर झालेला आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास म्हणूनच महत्त्वाचा आहे. त्यात अल्कोहोल चोळणाऱ्या पथकांच्या रुग्णांमध्ये जखमेच्या संसर्गाचे प्रमाण 2.44 टक्के, तर पारंपरिक पद्धतीने घासून धुणाऱ्यांच्या रुग्णांमध्ये 2.48 टक्के निघाले, म्हणजे फरक नगण्य. त्याहून बोलका आकडा शिस्तीचा होता: ठरलेला वेळ पाळण्याचे प्रमाण चोळण्यात 44 टक्के, धुण्यात अवघे 28. कोणते द्रव्य श्रेष्ठ यावर वाद घालणाऱ्यांनी या दुसऱ्या आकड्याकडे आधी पाहायला हवे.

कौशल्य आहे ते क्रमात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार डाव्या तळहातावर कोपराने दाबून सुमारे 5 मिलिलिटर द्रव घेतला जातो, त्यात उजव्या हाताची बोटे नखांखालचा भाग भिजेल अशी 5 सेकंद बुडवली जातात, मग तोच द्रव उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत गोलाकार चोळत नेला जातो. हीच क्रिया दुसऱ्या बाजूने झाल्यावर तिसऱ्या मात्रेत तळवे, बोटांच्या बेचक्या आणि अंगठे येतात. घाई करणाऱ्याकडून सुटतात ती बहुधा अंगठे आणि बोटांची टोके, म्हणजे नेमकी जखमेत जाणारी जागा. ब्रशने कातडी सोलवटेपर्यंत घासण्याची जुनी दहा मिनिटांची प्रथा आता त्याज्य ठरली आहे, कारण खरवडलेल्या त्वचेत जंतू अधिक सुखाने नांदतात. तरीही जुन्या वळणाच्या काही शल्यचिकित्सकांचा ब्रशवरचा जीव अजून सुटलेला नाही.

टँकरच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या रुग्णालयात अल्कोहोलचे पारडे साहजिकच जड होते, कारण नळाचे पाणीच अशुद्ध असल्यास धुतलेला हात पुन्हा दूषित होतो. मात्र शस्त्रक्रियागृहात प्रथम प्रवेश करताना साबणाने हात धुणे तिथेही चुकत नाही, आणि त्यानंतर ते पुरते कोरडे करावे लागतात, कारण ओल्या त्वचेवर अल्कोहोल पातळ होऊन त्याची धार बोथट होते.