सुनावणीचे दिवस

डॅलस, २ फेब्रुवारी २०१७
ख्रिस्तोफर डंचवरचा खटला आज सुरू झाला. ओटीत दुसरा विषय नाही. मणक्याचा सर्जन. दोन वर्षांच्या आत ३८ शस्त्रक्रिया, ३३ जणांना इजा, दोघे गेले. दर वेळी भूल द्यायला आम्हा भूलतज्ज्ञांपैकीच कुणीतरी उभं असणार.

६ फेब्रुवारी
डॉ. हेंडरसनविषयी वाचतेय. जुलै २०१२. डंचने बिघडवलेली सत्तरी ओलांडलेल्या बाईंची पाठ त्यांनी पुन्हा उघडली. मज्जातंतूचं मूळ कापलेलं. इम्प्लांट हाडात नाही, स्नायूत. हा सर्जन की तोतया? त्यांनी त्याचा फोटो तो शिकला त्या विद्यापीठाला फॅक्स केला. तोतया नव्हता.

८ फेब्रुवारी
आमच्याकडच्या 'त्या' सर्जनची केस. कंबरेचा साधा मणका. सक्शनचा डबा भरला, दुसरा लावला. बीपी ७०. "थांबू या," म्हटलं. मान वर केली नाही. रिकव्हरीत पेशंटचा डावा पाय हलेना. नर्स नोंद करता करता थांबली, माझ्याकडे बघत राहिली. हे पहिल्यांदा नाही.

९ फेब्रुवारी
झोप नाही.

११ फेब्रुवारी
सांगलीहून आईचा फोन. सगळं सांगितलं. "नोकरी जाईल गं. तुला काय पडलंय?" मग बराच वेळ गप्प. मग, "त्याचा पाय हलतोय का आता?"

१४ फेब्रुवारी
डंच दोषी.
हेंडरसन आणि आणखी एक सर्जन, डॉ. कर्बी, सगळीकडे फोन करत होते, तक्रारी करत होते. परवाना स्थगित झाला २६ जून २०१३ला. जवळजवळ वर्ष! तोवर तो नव्या रुग्णालयात जाऊन कापतच होता. आधीच्यांनी राजीनामा घेऊन हात झटकले, डॉक्टरांच्या राष्ट्रीय नोंदीत कळवलंसुद्धा नाही. कापणाऱ्याइतकाच राग मला या गप्प बसणाऱ्यांचा येतो.

१६ फेब्रुवारी
जुनी भूलपत्रकं काढली. वेळ, रक्तस्राव, रक्ताच्या पिशव्या. आमच्या 'त्या' सर्जनविरुद्ध चीफना पत्र लिहिलं. पत्रात फक्त आकडे. विशेषण एकही नाही.

२० फेब्रुवारी
जन्मठेप.

२१ फेब्रुवारी
चीफ म्हणाले, समिती पुढच्या महिन्यात बसेल. तोवर? त्याच्या ऑपरेशनची यादी लागेल तशी लागेल.
रिकव्हरीच्या नर्सने स्वतःहून पत्रावर सही केली. दोन मुलं आहेत तिला, नवरा घरी बसून.

२३ फेब्रुवारी
तक्रार थेट ऑस्टिनला, वैद्यकीय मंडळाकडे पाठवली.
सोमवारी 'त्या' सर्जनचे दोन मणके लागलेत. भूल द्यायला माझं नाव. देणार नाही, असं लेखी कळवलं. मग ते दुसऱ्या कुणाला उभं करतील. बाकीच्या भूलतज्ज्ञांना एकेक करून फोन लावतेय. तिघे 'नाही' म्हणालेत, एक विचार करतोय.