मशीन थांबवू नका

पहिल्या सेशनला मी इस्त्रीची साडी नेसून मनूशेजारी खुर्ची ओढून बसले. पुण्याच्या मॅडम मोबाइलवर दिसल्या तशी मी महिनाभर मनात घोळवलेलं सांगायला लागले. अकरावीला गेल्यापासून पोरगी नीट जेवत नाही, झोपत नाही, आंघोळसुद्धा सांगून करावी लागते. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, आता तुम्ही बाहेर बसाल का?"

डॉक्टरकडं पोराला नेलं की जीभ दाखव, पोट दाब, सगळं आईसमोर चालतं. इथं आईच बाहेर! संमतीच्या कागदावर सही माझी लागली, कारण मनू अठराच्या आतली. बोलणं मात्र तिचं एकटीचं. आणि बाहेर म्हणजे तरी कुठं? विट्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं. आत मनू, बाहेर माझी शिलाई मशीन आणि सासूबाई. मधलं दार नीट लागत नाही.

डिप्रेशन आहे हे सांगलीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून सांगितलं होतं. औषधाचं ते बघणार आणि दर आठवड्याच्या बोलण्यासाठी या मानसशास्त्रज्ञ मॅडम. दर खेपेला एसटीनं सांगली गाठायची तर तिचं कॉलेज बुडतं आणि माझा रोज. म्हणून ऑनलाइन. सासूबाई म्हणाल्या, "फोननंच पोर बिघडली, आता फोनच दवा देणार व्हय?" मी गप्प बसले. माझ्याही पोटात तेच होतं.

मनूनं भरलेला नऊ प्रश्नांचा फॉर्म मी पाहिला. गेल्या दोन आठवड्यांत कुठला त्रास किती दिवस झाला, त्याला शून्य ते तीन गुण. मनूला सत्तावीसपैकी सतरा. इथं गुण जास्त म्हणजे त्रास जास्त, हे कळायलाच मला वेळ लागला. नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तो वाचून मी हातातली कात्री खाली ठेवली. "मॅडम, असं विचारून नसलेलं डोक्यात भरायचं की!" त्या म्हणाल्या, "विचारल्यानं ते येत नाही, ताई. असलं तर बोलायला वाट मिळते." माझ्याच घरात का, हेही मी विचारलं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या शंभर मुलांमागं सुमारे सात जणांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला होता, असं त्यांनी सांगितलं. मनूच्या वर्गात ऐंशी पोरं. त्या रात्री मी बाकीच्या आयांचे चेहरे आठवत राहिले.

मॅडम दर वेळी आधी विचारायच्या, "आत्ता कुठं आहेस? घरी कोण आहे?" घर काय दर रविवारी बदलतंय, असं मला वाटायचं. मग उमगलं. त्या पुण्यात. इथं काही झालंच तर धावायचं कुणी? माझा आणि शेजारच्या काकूंचा नंबर त्यांनी लिहून घेतला होता. मलाही एक नंबर दिला, १४४१६. सरकारची टेलिमानस सेवा, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली. दिवसरात्र, फुकट, मराठीतून बोलता येतं. तो मी मापांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला. मनूनं सांगितलेलं मला कळणार नव्हतं, पण जिवाला धोका वाटला तर मॅडम मला लगेच सांगणार होत्या. हे मनूलाही ठाऊक होतं.

तिसऱ्या सेशननंतर मॅडमचा फोन आला. "मनूला विचारूनच सांगतेय. तुमची मशीन थांबली की तीही बोलायची थांबते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बॉबिन संपली म्हणून मशीन थांबायची हे खरं, पण थांबली की कान दाराकडं जायचे हेही खरंच.

"मग मी काय करू?"

"मशीन थांबवू नका."

तेव्हापासून परकरांच्या लांब शिवणी मी रविवारी अकरासाठी राखून ठेवते. बॉबिना आदल्या रात्री भरते. हुक-काजं, फॉल, हातशिलाईचं सगळं इतर वेळी. सासूबाई त्या वेळेला देवळात जातात. मध्येच नेट गेलं तर मॅडम साधा फोन लावतात.

आत काय चालतं ते मला भिंतीवरच्या कागदापुरतं कळतं. तुळशीला पाणी, गल्लीच्या टोकापर्यंत दहा मिनिटं चालणं, एका मैत्रिणीला मेसेज. एवढ्यासाठी फी? पण मॅडमचं म्हणणं, मूड यायची वाट बघायची नाही, करत गेलं की मूड मागनं येतो. एकदा रिकामा चौकोन बघवेना म्हणून मीच बरोबरची खूण केली. मनूनं ती खोडली. "आई, हा माझा कागद आहे."

आठव्या सेशनला सतराचे अकरा झाले. मी पेढे आणायच्या बेतात होते, तोवर पुढच्या खेपेला तेरा. मॅडम म्हणाल्या, असं वरखाली होतं.

परवाच्या रविवारी परकर लवकर संपले. मी एक चिंधी घेतली आणि मशीन चालवत राहिले. पाऊण तासानं मनू बाहेर आली, माठातलं पाणी प्यायली आणि मशीनपाशी वाकली. चिंधीवर नुसती भोकं होती.

"आई, दोरा कधी तुटला?"

"असंल मगाशीच."

सुईचं नेढं मला आता चष्म्यातूनही दिसत नाही. तिनंच दोरा ओवून दिला. म्हणाली, "पुढच्या रविवारी कापड तरी जास्त घे."